प्रक्षेपकाचा दिवा : उतरविणे, बांधणे व बदलणे

शाळाभेटींच्या वेळी अलीकडे एक दृश्य वारंवार नजरेस पडते. वर्गाच्या पुढील भिंतीवर पांढरा पडदा टांगलेला असतो, समोर मेजावर किंवा छताच्या कैचीला प्रक्षेपक बसविलेला असतो आणि त्यावर एखादे धुतलेले फडके घालून तो नीट झाकून ठेवलेला असतो. चौकशी केली असता उत्तर मिळते, "साहेब, त्याची पिक्चर ट्यूब गेली. पत्र दिलंय." पत्राची स्थळप्रत काढून पाहावी, तर तीतही तोच शब्द असतो : पिक्चर ट्यूब बदलून मिळावी. पत्र जाते, त्यामागून महिने जातात, आणि ज्या यंत्रासाठी गावकऱ्यांनी यात्रेच्या वर्गणीतून पैसे बाजूला काढले ते यंत्र फडक्याखालीच राहते.

प्रक्षेपक, म्हणजे ज्यास आपण बोलताना प्रोजेक्टरच म्हणतो, त्याचा प्रकाश गेल्यास काय पाहावे, दिवा कसा उतरवावा, यंत्र दुरुस्तीस पाठवावयाचे झाल्यास ते कसे बांधावे व नवा दिवा कसा बसवावा, हे शिक्षकबंधुभगिनींना सांगावे या हेतूने हा लेख लिहीत आहे. तत्पूर्वी त्या शब्दाचा निकाल लावणे इष्ट होईल, कारण अडचणीचे निम्मे मूळ त्या शब्दात आहे.

पिक्चर ट्यूब म्हणजे चित्रनळी. ती पाठीमागे पोट असलेल्या जुन्या दूरचित्रवाणी संचात असे. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये जी नळी तयार केली, तिचीच ती वंशज होय. काचेच्या मोठ्या पोकळ भांड्यातून हवा काढून घेतलेली असते. त्याच्या मानेकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो, तो पुढील काचेच्या आतील बाजूस दिलेल्या लेपावर आदळतो आणि तेथे प्रकाश उमटतो. अशा नळ्यांचे प्रक्षेपकही एके काळी होते. त्यांत तांबडी, हिरवी व निळी अशा तीन लहान नळ्या आणि तीन भिंगे असत, व तिन्ही चित्रे पडद्यावर तंतोतंत एकावर एक जुळवून घ्यावी लागत. ती अवजड यंत्रे मोठ्या सभागृहांत व वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी वापरली गेली. आपल्या खेड्यांतील शाळांना मिळालेले प्रक्षेपक त्या जातीचे नव्हेत. दूरचित्रवाणी संचाबरोबर आलेला शब्द आपण सवयीने या नव्या यंत्राला लावला, इतकेच.

मात्र काही शाळांच्या अडगळीच्या खोल्यांतून ते जुने संच अद्याप पडून आहेत. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम ज्या काळी वर्गात पाहिले जात, त्या काळचे ते अवशेष. त्यांच्याविषयी येथेच सावध करणे अवश्य आहे. पुढील काच ४० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद धरली, तर तिचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर होते. हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो असतो. म्हणजे एकट्या पुढील काचेवर बाहेरून बाराशे किलोंचा, शंभर किलोंच्या बारा पोत्यांचा भार असतो, आणि आत त्याला तोलून धरण्यास काहीच नसते. अशा नळीची मान चुकून मोडली तर काच प्रथम आत कोसळते व मग तिचे तुकडे खोलीभर उडतात. शिवाय संच बंद केल्यावरही नळीत विजेचा भार कित्येक दिवस राहू शकतो, व तिच्या काचेत शिसे असते. तेव्हा असे संच कोणी उघडू नयेत, "आतली ट्यूब काढून पाठवा" असे कोणी सुचविल्यास ते ऐकू नये, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव संपूर्ण संचाचाच करावा.

आता मूळ विषयाकडे वळू. चित्र पडद्यावर पाडण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर दाखविण्याचे खेळ सुरू केले. त्या खेळात मागे दिवा, मध्ये चित्राची काच आणि पुढे भिंग अशी रचना होती. आजच्या प्रक्षेपकातही रचना तीच आहे. केवळ रंगविलेल्या काचेच्या जागी एक लहानशी इलेक्ट्रॉनिक चकती आली आहे, व संगणकाकडून आलेले चित्र ती क्षणोक्षणी तयार करते. दिवा प्रकाश देतो, चित्र घडवीत नाही. ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखणे पुष्कळ सोपे होते.

हा दिवा आपल्या घरातील दिव्यासारखा नाही. त्यात तापणारी तार नसते. गारेच्या काचेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, बोटाच्या पेराएवढा एक जाड फुगा असतो. त्यात टंगस्टनची दोन टोके एकमेकांपासून सुमारे एक मिलिमीटर अंतरावर असतात, आणि थोडासा पारा असतो. यंत्र सुरू होताच काही हजार व्होल्टांची ठिणगी त्या फटीत पडते, पाऱ्याची वाफ होते आणि त्या वाफेत डोळे दिपविणारी प्रकाशज्योत पेटते. त्या वेळी फुग्यातील दाब सुमारे दोनशे वातावरणांइतका चढतो, व काच इतकी तापते की तिला पंख्याची हवा सतत लागते. फिलिप्स कंपनीने १९९५ च्या सुमारास या जातीचे दिवे पुढे आणले आणि त्यांच्यामुळेच प्रक्षेपक एका हाताने उचलण्याइतका लहान झाला.

चित्रनळी व हा दिवा यांतील भेद असा आहे. नळीच्या आत रितेपणा असतो, म्हणून ती थंड असतानाही धोक्याची. दिव्याच्या आत दाटी असते, पण ती केवळ तापलेल्या स्थितीत. दिवा निवला की पाऱ्याची वाफ पुन्हा थेंबरूप होते आणि दाब उतरतो. पुढे ज्या ज्या सूचना येतील त्यांपैकी बहुतेकांचे कारण याच एका गोष्टीत आहे.

दिव्याचे आयुष्य किती, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. कंपन्या ते तासांत सांगतात. साधारणतः दोन हजार ते पाच हजार तास, आणि तो आकडा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. आता हिशेब करून पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षास किमान २०० दिवस व सहावी ते आठवीचे २२० दिवस भरावयाचे. प्रक्षेपक रोज एक तास चालविला, तर वर्षाचे २०० ते २२० तास होतात. तीन हजार तासांचा दिवा या गतीने तेरा-चौदा वर्षे पुरावयास हवा, आणि रोज दोन तास चालविला तरी सहा-सात वर्षे. प्रत्यक्षात दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीच तो गेल्याची पत्रे येतात. याचा अर्थ उघड आहे. आपल्या शाळांतील दिवे वापराने झिजून जात नाहीत, ते अन्य कारणांनी जातात. एखादा दिवा मुळात सदोष निघतो, हे मान्य. पण सर्वांनाच तो दोष लावता येणार नाही.

मला दिसून आलेली मुख्य कारणे दोनच आहेत. पहिले विजेचे. पाठ ऐन रंगात असताना वीज जाते, दिव्याबरोबर पंखाही थांबतो, आणि तापलेला फुगा वाऱ्याविना आपल्याच उष्णतेत भाजत राहतो. वीज पाच मिनिटांनी परत येते, गुरुजी लगबगीने कळ दाबतात, दिवा अजून तप्त व दाबाखाली असल्याने पेट घेत नाही, म्हणून पुन्हा कळ दाबतात. प्रत्येक प्रयत्नात टंगस्टनची टोके झिजतात. पाठ संपल्यावर घाईने भिंतीवरील बटण बंद करण्याची सवय हाही याच प्रकारचा अपराध होय. कळ दाबून यंत्र रीतसर बंद करावे, आतील पंखा आपोआप थांबू द्यावा, व मगच भिंतीवरील बटण बंद करावे. वीज गेल्यावर निदान पाच-दहा मिनिटे प्रक्षेपक चालू ठेवील असा लहान यूपीएस घेता आला तर तो दिव्याच्या किमतीपेक्षा स्वस्तच पडतो, मात्र तो प्रक्षेपकाचा भार पेलणारा आहे हे घेतानाच पाहावे. दुसरे कारण धुळीचे. हवा आत जाते त्या जाळीमागे पुष्कळ यंत्रांत एक गाळणी असते. खडूची भुकटी, मातीच्या मैदानावरची धूळ व सुगीच्या दिवसांतला भुसा यांनी ती महिन्याभरात बुजते. ती महिन्यातून एकदा काढून मऊ कुंचल्याने झाडली म्हणजे पुरे. पाण्याने धुण्यापूर्वी त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत तशी परवानगी आहे का, हे पाहावे.

यासंबंधी एका केंद्रातील हकीकत सांगण्यासारखी आहे. द्विशिक्षकी शाळा. प्रक्षेपक सुरू केला की दहा मिनिटे चाले व आपोआप बंद पडे. मुख्याध्यापकांनी "पिक्चर ट्यूब गेली" असे ठरविले, यंत्र गोणपाटात गुंडाळले, भोवती कडबा भरला आणि टेम्पोवाल्याच्या हवाली करून जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीस पाठविले. दुरुस्ती करणाराने उघडून पाहिले तो दिवा धडधाकट. गाळणी धुळीने बुजल्यामुळे यंत्र तापत होते आणि स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडत होते. मात्र वाटेत भिंगाला तडा गेला होता, आणि कडब्याची कुसे हवेच्या जाळीतून आत शिरली होती. गाळणी साफ करण्यास काहीच खर्च आला नसता. भिंगाचा खर्च त्या गृहस्थांनी स्वतःच्या पगारातून भरला. गावकऱ्यांकडे पुन्हा हात पसरावयास त्यांना संकोच वाटला. त्या शाळेतील चौथीच्या मुलांनी त्या वर्षी पडद्यावर काही पाहिले नाही.

म्हणून यंत्र पाठविण्यापूर्वी दिवाच गेला आहे की आणखी काही, याची खात्री करावी. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची अक्षरे दिसत असतील, तर दिवा सुखरूप आहे. कारण ती अक्षरे त्याच्याच प्रकाशाने दिसत आहेत. दोष जोडतारेत किंवा संगणकात शोधावा, आणि प्रथम दुसरी जोडतार लावून पाहावी. प्रकाश येतो पण काही मिनिटांत यंत्र बंद पडते, तर वर सांगितल्याप्रमाणे उष्णतेचा संशय घ्यावा. चित्रात पांढरे किंवा काळे ठिपके कायम एकाच जागी राहत असतील, अथवा एखादा रंगच नाहीसा झाला असेल, तर दोष चित्र घडविणाऱ्या भागात आहे, व नवा दिवा घालून काहीही लाभ होणार नाही. पंखा फिरतो, पडदा अंधारा राहतो, आणि यंत्रावरील दिव्याच्या खुणेजवळ तांबडा ठिपका लागतो किंवा उघडझाप करतो, तेव्हा मात्र दिव्याचीच शंका धरावी. हे घडण्यापूर्वी काही आठवडे चित्र मंद व पिवळट होत गेले असेल तर ती शंका बळावते. यंत्राच्या सूचीत माहितीच्या पानावर दिव्याचे तास दिलेले असतात. यंत्र चालू असतानाच, दर सत्राच्या आरंभी, ते पाहून डेडस्टॉक रजिस्टरात त्या यंत्राच्या नोंदीसमोर लिहून ठेवावेत. पडदा अंधारा झाल्यावर ते वाचता येत नाहीत.

काही शाळांकडे आता पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी किंवा लेसरवर चालणारे प्रक्षेपक आले आहेत. त्यांत बदलण्याजोगा दिवा नसतो. त्यांचे झाकण उघडण्याच्या भरीस पडू नये.

दिवा उतरविण्याचे काम अवघड नाही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. यंत्र बंद करून, भिंतीवरील खटक्यातून तार काढून, निदान एक तास तसेच ठेवावे. शाळा सुटल्यावर हे काम करणे सोयीचे, कारण मुले जवळ नसतात व घाईही नसते. दिव्याचे झाकण यंत्राच्या तळाशी, बाजूस किंवा वर असते आणि बहुधा एक-दोन स्क्रूंनी बसविलेले असते. ते उघडले की प्लास्टिकच्या घरात बसविलेला दिवा दिसतो. त्याचे स्क्रू सैल करावेत. पुष्कळदा ते घरातच अडकून राहतात, पूर्ण बाहेर येत नाहीत, म्हणून जोर करू नये. मग मूठ किंवा कडी धरून दिवा सरळ रेषेत ओढावा, कारण तिरका ओढल्यास मागील विजेच्या जोडणीचे टोक मोडते. छताला बसविलेला प्रक्षेपक असेल तर प्रथम तो खाली उतरवून घ्यावा. दिवा आत फुटलेला असल्यास झाकण उघडताच काचा अंगावर येतात, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्यास जागा नसते.

दिव्याच्या काचेला बोट लावू नये. ही सूचना माहितीपुस्तिकेत असते व आपण ती वाचून विसरतो. मी अध्यापक विद्यालयात शिकत असताना तेथील स्लाइड दाखविण्याच्या यंत्राचा बल्ब बदलण्याचे काम एकदा माझ्याकडे आले होते. तो बल्ब वेगळ्या जातीचा होता, पण काच तीच. मी तो चांगला चिमटीत धरून बसविला. पुढील आठवड्यात तो उडाला, आणि काढून पाहिला तेव्हा माझ्या बोटाच्या जागी काचेवर पांढुरका फोड आला होता. घामातील क्षार व तेल तापलेल्या काचेत भिनतात आणि तेथे काच दुबळी होते. आमच्या अध्यापकांनी तो बल्ब पुढे वर्षभर टेबलावर ठेवला होता, कोणाचे नाव न घेता. तेव्हा दिवा नेहमी घराला धरूनच हाताळावा. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटात किंचित भिजविलेल्या स्वच्छ मऊ कापडाने पुसावे व पूर्ण वाळू द्यावे.

फुटलेल्या दिव्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. चालू असताना मोठा आवाज होऊन पडदा अंधारा झाला, तर फुगा फुटला असे समजावे. त्यातील पारा अल्प असतो, काही मिलिग्रॅमच, परंतु तो वाफेच्या रूपाने खोलीत येतो. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेने काय अनर्थ झाला, हे १९५६ पासून जगाला ठाऊक आहे. तेथे कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात जात होते. एका दिव्याने तसे काही होत नाही, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण लहान मुलांच्या वर्गात निष्काळजीपणाही परवडणारा नाही. मुलांना ताबडतोब बाहेर न्यावे, विजेचे मुख्य बटण बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि निदान अर्धा तास वर्गात कोणी जाऊ नये. नंतर केरसुणी वापरू नये, कारण तिने पारा विखुरतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने टिपून घ्यावेत, आणि हे सर्व, वापरलेल्या पट्टीसह, घट्ट झाकणाच्या बरणीत किंवा दुहेरी प्लास्टिक पिशवीत बंद करावे. हातमोजे नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात व मागाहून हात साबणाने धुवावेत. यंत्रात काचा राहिल्या असल्यास ते उलटे करून झटकू नये. तसेच ते दुरुस्ती केंद्राकडे द्यावे व आत काचा आहेत असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.

आता बांधणी. यंत्र ज्या खोक्यातून आले ते खोके व त्यातील फोमचे साचे जपून ठेवणे हा सर्वांत उत्तम उपाय. शाळेत जागा नसते हे खरे, तरीही कपाटावर एक खोके मावते. ते नसल्यास यंत्राहून चारी बाजूंनी, वर आणि खालीही, निदान दोन इंच मोठे असे जाड पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. यंत्र आधी पूर्ण थंड करावे, भिंग आत ओढून घेऊन त्यावर झाकण लावावे, उंची वाढविण्याचे पाय पिळून आत घ्यावेत, जोडतारा व दूरनियंत्रक काढून घ्यावेत. दुरुस्तीसाठी त्यांची जरूर नसते, आणि वाटेत हरवतात त्या बहुधा याच वस्तू. यंत्र प्रथम स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालावे, म्हणजे भरावाचे कण आत शिरत नाहीत. मग सर्व बाजूंनी फोम किंवा फुगेरी प्लास्टिक दाबून बसवावे. कडबा, भुसा, चिंध्या यांचा उपयोग करू नये. चुरगाळलेला वर्तमानपत्राचा कागद अगदीच दुसरे काही न मिळाल्यास चालेल, पण तो प्रवासात दबतो आणि यंत्र एका कोपऱ्याला जाऊन बसते, म्हणून तो फार घट्ट भरावा लागतो. पावसाळ्यात खोके बाहेरूनही प्लास्टिकने गुंडाळावे. बांधून झाल्यावर खोके हळूच हलवून पाहावे. आतून कोणताही आवाज येता कामा नये. आवाज आल्यास पुन्हा उघडून भराव वाढवावा.

दिवा यंत्रातच ठेवून पाठवावा की वेगळा, हे दुरुस्ती केंद्रास आधी दूरध्वनीने विचारावे, कारण काही ठिकाणी तपासणीसाठी तो आत असलेला हवा असतो. वेगळा पाठवावयाचा झाल्यास तो घरासह फोममध्ये गुंडाळून त्याच्या स्वतःच्या छोट्या खोक्यात घालावा. त्याच खोक्यात यंत्राच्या अंगाशी तो मोकळा ठेवू नये. वाहतूक करणाऱ्या माणसास आत काच व थोडा पारा आहे हे सांगावे आणि माल रस्त्यानेच पाठवावा. खोक्याच्या दोन बाजूंस ठळक अक्षरांत 'काच आहे', 'ही बाजू वर' असे लिहून बाण काढावा. बांधण्यापूर्वी मोबाइलवर यंत्राची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, व त्यांत तळाच्या पट्टीवरील अनुक्रमांक स्पष्ट यावा. भिंगाचा तडा वाटेत पडला की आधीचाच होता, असा वाद उद्भवल्यास ही छायाचित्रे उपयोगी पडतात. वर सांगितलेल्या मुख्याध्यापकांजवळ ती असती, तर कदाचित भिंगाचा खर्च त्यांच्या अंगावर आला नसता.

आता पत्राविषयी. 'पिक्चर ट्यूब बदलून मिळावी' या वाक्यावरून कोणत्याही पुरवठादारास काहीही पाठविता येत नाही, आणि पाठविले तर ते चुकीचे असण्याचाच संभव अधिक. पत्रात यंत्राच्या तळावरील पट्टीवर छापलेले कंपनीचे नाव व प्रतिमान क्रमांक अक्षर न अक्षर उतरवावा. शेवटच्या एका अक्षराच्या फरकानेही दिवा वेगळा असतो. दिव्याच्या घरावर त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, तोही द्यावा. दिव्याचे शेवटचे नोंदविलेले तास, यंत्र खरेदीचा दिनांक, यंत्रावर कोणता ठिपका कोणत्या रंगात व कसा लागतो, आणि आपण काय काय करून पाहिले, हे दोन ओळींत लिहावे. मागणी 'घरासह दिव्या'ची करावी. विक्रेते त्यास लॅम्प विथ हाउसिंग म्हणतात. नुसता फुगा स्वस्त मिळतो, पण तो जुन्या घरात बसविणे हे कुशल कारागिराचे काम आहे, आणि जराही वाकडा बसला तर प्रकाश पडद्याच्या एकाच भागावर पडतो. अतिशय स्वस्त दराची दरपत्रके आल्यास दिवा मूळ कंपनीचा आहे की अन्य कोणाचा, व त्याची हमी किती दिवसांची आणि किती तासांची, हे लेखी विचारावे. दिव्याची हमी यंत्राच्या हमीहून पुष्कळ कमी मुदतीची असते. म्हणून नवा दिवा आला की तो कपाटात न ठेवता आठ दिवसांत बसवून पाहावा.

जुन्या दिव्याचे काय करावे? शाळेच्या प्रयोगसाहित्याच्या कपाटात त्याला स्थान नाही. पारा दाखविण्यासाठी तो फोडणे हा तर अविचार होय. भंगारवाल्यासही तो देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाणे आवश्यक आहे. नव्या दिव्याची मागणी करतानाच 'जुना दिवा परत न्यावा' अशी अट पत्रात घालावी. तोपर्यंत तो नव्या दिव्याच्या रिकाम्या खोक्यात, मुलांचा हात न पोहोचेल अशा जागी, वर 'जुना, पारायुक्त' असे लिहून ठेवावा.

नवा दिवा बसविताना रिकाम्या कप्प्यातील धूळ मऊ कुंचल्याने झाडून घ्यावी, तोंडाने फुंकू नये. दिवा सरळ रेषेत आत सरकवून जोडणी नीट बसल्याचे हाताला जाणवेपर्यंत दाबावा, स्क्रू बोटांच्या ताकदीने आवळावेत आणि झाकण लावावे. झाकण पूर्ण बसले नसेल तर यंत्र सुरूच होत नाही, कारण तशी सुरक्षेची कळ त्यात असते. नवा दिवाही लागत नाही म्हणून तक्रार करण्यापूर्वी झाकण एकदा काढून पुन्हा बसवून पाहावे. गाळणीही त्याच दिवशी साफ करावी.

यंत्र चालू झाल्यावर सूचीतून दिव्याच्या तासांचा आकडा शून्यावर आणावा. तो न आणल्यास यंत्र नव्या दिव्यास जुनाच समजते आणि थोड्याच दिवसांत इशारे देऊ लागते. याउलट, इशारा टळावा म्हणून दिवा न बदलताच आकडा शून्यावर आणण्याची युक्ती काही ठिकाणी केलेली मी पाहिली आहे. तिने इशारा थांबतो, दिवा मात्र जीर्ण होत जातो आणि एके दिवशी भर वर्गात फुटतो. पहिल्या दिवशी यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवावे, रीतसर बंद करून पंखा थांबू द्यावा, थंड झाल्यावर पुन्हा एकदा सुरू करून पाहावे. दिवा बसविल्याचा दिनांक कागदाच्या पट्टीवर लिहून यंत्राच्या तळाला चिकटवावा, तीच नोंद डेडस्टॉक रजिस्टरात घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग भरवावा.